डार्कटेबलवरचे टेदर शूटिंग : तांब्याच्या भांड्यांनी घेतलेली परीक्षा

गेल्या वर्षी तांबट आळीतील एका कारागीर कुटुंबाच्या भांड्यांच्या कॅटलॉगचे काम माझ्याकडे आले. घंगाळे, कळश्या, तांबे, लोट्या, ताम्हने, पंचपात्र्या आणि अलीकडे हॉटेलवाल्यांकडून मागणी असलेले पाण्याचे जग असे मिळून १४० च्या आसपास नग होते. शिवाय एक जुना बंब होता, जो सदाशिव पेठेतल्या माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आणताना दोन माणसांना जिन्यात तीनदा थांबावे लागले. तोवर मी डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर केवळ रॉ फाइल्स, म्हणजे सेन्सरने मोजलेली कच्ची माहिती, उघडून त्यांवर संस्कार करण्यासाठी वापरत असे. कॅमेरा केबलने संगणकाला जोडून, म्हणजे टेदर करून, काढलेला प्रत्येक फोटो थेट त्यात उतरवण्याचे काम मी याच कॅटलॉगपासून त्याच्याकडे सोपवले. त्यानंतरचे वर्षभर चांदीची भांडी, पैठण्या, काही पुस्तकांची मुखपृष्ठे असे जे जे टेबलावर आले ते याच पद्धतीने टिपले आहे, आणि त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे.

मत आधीच सांगून टाकतो. रॉ फाइल हाताळण्यात हे सॉफ्टवेअर अव्वल आहे, आणि टेदरिंगच्या बाबतीत ते कामापुरते आहे. हा असमतोल पोर्ट्रेट किंवा फॅशनचे काम करणाऱ्याला सोसणार नाही; परंतु जो ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून एका जागी बसलेल्या वस्तूचे फोटो काढतो त्याला तो फारसा जाचत नाही, कारण त्याला संगणकाकडून वेग नको असतो, तर वस्तू समोर आहे तोवरच रंग आणि उजेड यांचा हिशेब चुकता करून हवा असतो.

हे तांब्याच्या बाबतीत विशेष खरे आहे. मठारकाम केलेल्या भांड्याच्या अंगावर हातोडीच्या ठोक्यांनी उठवलेले शेकडो छोटे पैलू असतात आणि त्यांतील प्रत्येक पैलू हा एक लहानसा आरसा असतो. कॅमेऱ्याच्या मागच्या तीन-सव्वातीन इंचांच्या पडद्यावर घंगाळ झकास दिसते. तेच २४ इंची पडद्यावर शंभर टक्के मोठे करून पाहिले की प्रत्येक ठोक्यात एक सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी दिव्यापुढची कापडी पेटी), एक खिडकी आणि चौकड्यांचा शर्ट घातलेला एक छायाचित्रकार दिसू लागतो. त्याखेरीज चिंच-मिठाने घासून आणलेल्या तांब्यावर बोटांचे ठसे काही वेळाने काळपट उमटतात, आणि ते आधी डोळ्यांना दिसत नाहीत. पहिल्या दिवशी टेदर न करता काढलेले २२ नग मला त्यामुळे पुन्हा काढावे लागले. दुसऱ्या दिवसापासून मी काळा शर्ट आणि सुती हातमोजे घालून, कॅमेरा लॅपटॉपला जोडूनच कामाला बसलो.

डार्कटेबलचा जन्म २००९ सालचा. ते मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींवर चालते. विंडोजसाठीची अधिकृत आवृत्ती मात्र २०१७ च्या अखेरीस आली. त्याची कामे वेगवेगळ्या दालनांत विभागलेली आहेत: फोटो निवडण्यासाठी लाइटटेबल, संस्कारासाठी डार्करूम, आणि कॅमेरा जोडलेला असताना टेदरिंग. कॅमेऱ्याशी बोलण्याचे काम ते स्वतः करत नाही. त्यासाठी ते जीफोटो२ या जुन्या, मुक्त ग्रंथालयावर (लायब्ररी, म्हणजे इतर सॉफ्टवेअरांना वापरता येणारा तयार संगणक-आज्ञांचा संच) विसंबते. ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण आपला कॅमेरा किती आज्ञा पाळेल हे त्या ग्रंथालयाला त्या मॉडेलची भाषा किती अवगत आहे यावर ठरते. काही कॅमेरे केवळ फोटो उतरवू देतात, काहींचे शटर संगणकावरून दाबता येते, तर काहींचे ॲपर्चर, शटरवेग, आयएसओ (उजेड किती घ्यायचा हे ठरवणाऱ्या सेटिंग्ज) आणि लाइव्ह व्ह्यूही (लेन्समधून दिसणारे चालू दृश्य) संगणकाच्या ताब्यात येतात. त्यामुळे नवा कॅमेरा घेण्यापूर्वी, किंवा असलेल्या कॅमेऱ्यावर या पद्धतीची भिस्त ठेवण्यापूर्वी, जीफोटो२ च्या यादीत त्याचे नाव आणि त्यापुढील क्षमता पाहून घ्याव्यात.

माझा कॅमेरा निकॉन डी७५० हा २०१४ साली बाजारात आलेला, २४ मेगापिक्सेलचा आहे आणि लॅपटॉपवर उबंटू हा लिनक्सचा प्रकार आहे. लिनक्सवर एक अडचण सर्वांनाच येते: कॅमेरा जोडताच फाइल मॅनेजर त्याला पेनड्राइव्ह समजून स्वतःच्या ताब्यात घेतो आणि मग डार्कटेबलला तो मिळत नाही. फाइल मॅनेजरमधून कॅमेरा अनमाउंट केला, म्हणजे त्याच्या ताब्यातून मोकळा केला, की प्रश्न सुटतो, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत ते डार्कटेबलच्याच आयात-फलकातील बटणाने करता येते. विंडोजवर ही वाट अधिक खडतर आहे. तिथे झाडिग नावाच्या साधनाने कॅमेऱ्याचा यूएसबी ड्रायव्हर बदलावा लागतो, आणि तो बदलला की त्या कॅमेऱ्याला त्या संगणकावरील इतर सॉफ्टवेअरे ओळखेनाशी होतात. ज्यांना विंडोज सोडायचे नाही आणि कॅमेरा-कंपनीचे स्वतःचे साधनही वापरायचे आहे, त्यांनी या फंदात पडू नये, असे मी स्पष्टच सांगेन.

केबलविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण टेदरिंगमध्ये बिघडणाऱ्या गोष्टींत केबलचा नंबर पहिला असतो. यूएसबी २.० च्या साध्या केबलची लांबी ५ मीटरच्या पुढे नेऊ नये. यूएसबी ३ च्या बाबतीत ही मर्यादा साधारण ३ मीटरवर येते, आणि त्यापुढे जायचे तर मध्ये सिग्नल बळकट करणारी केबल लागते. मी सुरुवातीला बुधवार पेठेतील एका दुकानातून स्वस्तातली पाच मीटरची केबल आणली. ती मोबाइल चार्ज करायला उत्तम होती. कॅमेऱ्यावर मात्र दर दहा-बारा फोटोंमागे जोडणी तुटू लागली, आणि दोन दिवस मी निष्कारण सॉफ्टवेअरला दोष देत राहिलो. शेवटी स्टुडिओकामासाठी बनवलेली जाड, भडक नारिंगी रंगाची केबल मागवली तेव्हा तो त्रास संपला. त्या रंगाची मी आधी चेष्टा केली होती. बंबाच्या दिवशी खोलीत पाच माणसे वावरत असताना तिच्यात एकाचाही पाय अडकला नाही, तेव्हा त्याचे प्रयोजन कळले. केबलचा झटका थेट कॅमेऱ्याच्या सॉकेटवर येऊ नये म्हणून ती ट्रायपॉडच्या पायाला एक वळसा देऊन बांधावी. सॉकेट सैल झाले की दुरुस्तीला मदरबोर्डापर्यंत जावे लागते.

याच सुमारास माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती सर्वस्वी माझीच होती. संगणकावरून शटर दाबले असता फोटो कुठे लिहायचा, कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत की मेमरी कार्डावर, हे ठरवणारी एक सेटिंग जीफोटो२ मध्ये असते. ती तात्पुरत्या स्मृतीवर ठेवलेली असली की फोटो कार्डावर जातच नाही. तो केबलवाटे सरळ संगणकात येतो आणि वाटेत जोडणी तुटली तर कुठेच उरत नाही. डार्कटेबलच्या मार्गदर्शिकेत कॅमेरा तपासण्याचे जे आदेश दिले आहेत त्यांतच कार्डाचा पर्याय निवडण्याचा आदेशही आहे. मी तो भाग न वाचता ओलांडला होता. जुन्या केबलच्या कृपेने एका पंचपात्रीचे तीन फोटो असे हवेत विरले, आणि ती पंचपात्री तोवर गिऱ्हाइकाच्या घरी गेलेली होती. आता प्रत्येक कामाच्या आरंभी टर्मिनल (आदेश टाइप करण्याची खिडकी) उघडून तो एक ओळीचा आदेश देतो, मगच डार्कटेबल सुरू करतो. फोटो कार्डावरही राहतो आणि संगणकातही येतो. २५ ते ३० एमबीची एक रॉ फाइल येण्यास दोन-तीन सेकंद लागतात, आणि भांडी कुठे पळून जात नाहीत.

टेदरिंगचे दालन दिसायला साधे आहे. मधोमध नुकताच काढलेला फोटो, खाली फिल्मपट्टी, उजवीकडे हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती आहेत हे दाखवणारा आलेख), सत्राचे नाव, लाइव्ह व्ह्यूची बटणे आणि कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज. सत्राला जे नाव द्यावे त्या नावाचे, पुढे तारीख लावलेले, नवे फोल्डर तयार होते. मी भांड्याच्या प्रकारागणिक नवे नाव देत गेलो, त्यामुळे संध्याकाळी ‘घंगाळ’, ‘कळशी’, ‘ताम्हन’ अशी नीट लावलेली फोल्डरे आपोआप तयार मिळत. फाइलच्या नावाचा साचाही पसंतीच्या पानावर ठरवून ठेवता येतो. ठरावीक अंतराने फोटो घेणे, कमी-अधिक एक्स्पोजरचे संच घेणे, काही सेकंद थांबून शटर उघडणे या सोयी आहेत आणि त्या चालतात. त्यांबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लिहिण्यासारखी एक सोय मात्र आहे, जिची चर्चा मी कुठे फारशी ऐकली नाही. लाइव्ह व्ह्यू चालू असताना आधी काढलेला एखादा फोटो त्यावर पारदर्शकासारखा आच्छादता येतो, किंवा मध्ये रेघ घेऊन अर्धा जुना, अर्धा नवा असे दृश्य पाहता येते. कॅटलॉगसाठी ही बहुमोल गोष्ट आहे. बारा लोट्या एकाच मापाच्या, एकाच कोनातून आणि पानावर एकाच ओळीत बसल्या पाहिजेत, तर पहिल्या लोटीचे काठ पडद्यावर धरून दुसरी लोटी टेबलावर सुतासुताने सरकवत तिच्यावर बसवता येते. पूर्वी मी टेबलाला चिकटपट्टीचे तुकडे लावून हे काम करीत असे. लाइव्ह व्ह्यूमध्येच ऑटोफोकस लेन्सचा फोकस लहान-मोठ्या पावलांनी पुढे-मागे नेणारी बटणेही आहेत. घंगाळाच्या अलीकडच्या काठावर नेमका फोकस आणण्यासाठी त्यांचा उपयोग झाला, आणि मुख्य म्हणजे कॅमेऱ्याला हात लागला नाही.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव ही की टेदरिंग आणि डार्करूम ही दोन स्वतंत्र दालने असून एका वेळी एकातच राहता येते. नुकताच आलेला फोटो डार्करूममध्ये उघडला की टेदरिंग थांबते. त्या काळात कॅमेऱ्याचे बटण दाबले तर तो फोटो संगणकात येत नाही आणि पुन्हा टेदरिंगमध्ये परतावे लागते. दुसरी उणीव अशी की आधीच्या फोटोवर केलेले संस्कार पुढच्या फोटोला येताक्षणी आपोआप लावण्याचे बटण या दालनात नाही. कॅप्चर वन या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘नेक्स्ट कॅप्चर ॲडजस्टमेंट्स’ या नावाने नेमकी हीच सोय असते, आणि एका शूटचे फोटो, निवडलेले फोटो, तयार फोटो व टाकाऊ फोटो यांची चार फोल्डरे करून देणारे ‘सेशन’ही असते, ॲडोबीच्या लाइटरूम क्लासिकमध्येही टेदर करताना प्रीसेट (जपून ठेवलेला संस्कारांचा संच) निवडून ठेवता येतो. डार्कटेबलमध्ये याची भरपाई दोन प्रकारे होते. एकतर कॅमेरा, लेन्स, आयएसओ यांच्या अटी घालून प्रीसेट आपोआप लागू होतील असे ठरवून ठेवायचे, किंवा फिल्मपट्टीतील सर्व फोटो निवडून एका फोटोचे संस्कार नक्कल करून चिकटवायचे. पहिला उपाय मी वापरतो. त्यातील गैरसोय एवढीच की काम संपल्यावर तो प्रीसेट बंद करण्याचे भान ठेवावे लागते. नाहीतर पुतणीच्या वाढदिवसाच्या फोटोंनाही तांब्याचा रंगहिशेब लागतो, जसा तो माझ्याकडे लागला.

तिसरी गोष्ट उणीव म्हणावी की सावधगिरीची सूचना, हे वाचकाने ठरवावे. फोटो आल्याबरोबर मधोमध जे चित्र दिसते ते डार्कटेबलने रॉवरून तयार केलेलेच असेल असे नाही. ते रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने ठेवलेले तयार जेपेग असू शकते. लघुचित्रांसाठी आतले जेपेग केव्हा वापरायचे आणि रॉ केव्हा, हे पसंतीच्या पानावर ठरवता येते. माझ्या गिऱ्हाइकाने पडद्यावरील रंग पसंत केला आणि नंतर डार्करूममध्ये तो वेगळाच निघाला, तेव्हा मी हा पर्याय शोधला आणि ‘नेहमी रॉ’ असा केला. लघुचित्रे आता किंचित उशिरा येतात, पण जे पाहतो तेच हाती येते.

आता ज्या कारणासाठी हे सर्व सोसायचे त्या रॉच्या भागाकडे येतो. सेन्सरवरील प्रत्येक बिंदू फक्त एकाच रंगाचा प्रकाश मोजतो. निम्मे बिंदू हिरव्यासाठी, पाव लालसाठी आणि पाव निळ्यासाठी असतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये त्या मोजणीच्या १६,३८४ पायऱ्या असतात, तर ८ बिटांच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६. फ्लॅशच्या किंवा दिवसाच्या उजेडात बहुतेक सेन्सरांकडे हिरव्याची माहिती भरपूर येते आणि लाल व निळ्याची कमी, म्हणून व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे असा रंगांचा तोल) साधण्यासाठी लाल आकड्यांना साधारण दीड ते अडीच पटीने गुणले जाते. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम आणि लुकलुकणारे ‘जास्त उजेड’ इशारे हे या गुणाकारानंतरच्या जेपेगवरून काढलेले असतात. तांब्याचा पृष्ठभाग लाल प्रकाश भरभरून परतवतो. त्याचा रॉमधील लाल आकडा निम्म्यावर असला तरी गुणाकारानंतर तो छताला टेकतो आणि कॅमेरा ओरडू लागतो.

मी कित्येक वर्षे त्या ओरडण्याला घाबरून तांब्या-पितळेच्या कामात एक स्टॉप कमी उजेड घेत आलो होतो. एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश, आणि तो निम्मा प्रकाश नेमका भांड्याच्या पोटातील काळोख्या भागात कमी पडतो. तिथे कल्हईचा करडा रंग उघडून दाखवायला गेले की दाणे दिसू लागतात. डार्कटेबलच्या डार्करूममध्ये रॉ आकड्यांवरून अतिरिक्त उजेड दाखवणारा एक इशारा आहे. तो कोणत्याही संस्काराच्या आधीचे, मूळ सेन्सरचे आकडे तपासतो आणि कोणत्या रंगाचा बिंदू खरोखर भरून वाहिला आहे ते दाखवतो. कळशीच्या फोटोत कॅमेऱ्याच्या पडद्यावर अख्खी उजवी बाजू लुकलुकत असताना या इशाऱ्याने फक्त काठावरची सॉफ्टबॉक्सची एक पातळ रेघ दाखवली, आणि ती पांढरी असायलाच हवी होती. मी सर्व नगांसाठी उजेड दोन-तृतीयांश स्टॉपने वाढवला. भांड्याच्या आतली कल्हई त्यानंतर जशी आली तशी माझ्या आधीच्या कोणत्याही कामात आलेली नाही. हे मेमरी कार्ड घरी आणून कळून उपयोगाचे नव्हते. कळशी टेबलावर आणि दिवे जागेवर असतानाच कळायला हवे होते, आणि टेदरिंगमध्ये मागे-पुढे करण्याचा कितीही कंटाळा आला तरी या एका तपासणीसाठी मी तो करतो.

रॉ आकड्यांतून पाहण्याजोगे चित्र बनवताना उजेडाचा मोठा पल्ला पडद्याच्या लहान पल्ल्यात बसवावा लागतो. त्यासाठी फिल्मिक हे जुने साधन आहे आणि २०२२ च्या डिसेंबरातील ४.२ आवृत्तीपासून सिग्मॉइड हे दुसरे. मला सिग्मॉइड हाताला सोपे वाटते. त्यात रंगछटा जपण्याची एक पट्टी आहे आणि तांब्याच्या कामात तिच्याकडे लक्ष ठेवावे लागते, कारण ती शून्याकडे नेली की उजळ भागातील लालसर-नारिंगी छटा पिवळ्याकडे झुकते. सूर्यास्ताला ते शोभून दिसते. घंगाळाचा उजळलेला अर्धा भाग मात्र पितळेचा दिसू लागतो, आणि पितळ व तांबे यांच्या दरांतील फरक ज्याला ठाऊक आहे असा गिऱ्हाईक अशा फोटोवर विश्वास ठेवणार नाही. मी ती पट्टी पूर्ण शंभरावर ठेवतो.

रंगाच्या अचूकपणासाठी २४ चौकटींचा कलर चार्ट त्याच दिव्यांखाली टिपून घ्यावा. कलर कॅलिब्रेशन या मॉड्यूलमध्ये (डार्करूममधील संस्काराच्या साधनात) त्या चार्टवर जाळी बसवली की ते प्रत्येक चौकटीचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष रंग ताडून पाहते, चूक किती होती व दुरुस्तीनंतर किती उरली ते आकड्यांत सांगते, आणि ती दुरुस्ती प्रीसेट म्हणून जपता येते. कोणत्या रंगांना झुकते माप द्यायचे याच्या यादीत ‘त्वचा आणि माती’ असा एक पर्याय आहे. तांब्याचा उल्लेख त्यात अर्थातच नाही, पण मी तोच निवडला, आणि सरासरी चूक कमी करणाऱ्या पर्यायापेक्षा तो माझ्या डोळ्याला खऱ्याच्या जवळचा वाटला. कारागीर काकांनी नुकतेच घासलेले ताम्हन पडद्याशेजारी धरले आणि बराच वेळ दोन्हीकडे पाहून एवढेच म्हणाले, “हे आज सकाळचं तांबं आहे. कालचं असतं तर तपकिरी आलं असतं.” या चार्टची दुरुस्ती त्या दिव्यांपुरतीच खरी असते, दिवे बदलले, छत्रीऐवजी सॉफ्टबॉक्स लावला, की चार्ट पुन्हा टिपावा लागतो.

फाइल्सच्या व्यवस्थेत डार्कटेबलचे धोरण मला मनापासून पटले आहे. ते मूळ रॉ फाइलला बोटही लावत नाही. केलेला प्रत्येक संस्कार त्याच नावाच्या, शेवटी एक्सएमपी जोडलेल्या, काही केबींच्या मजकूर-फाइलमध्ये रॉच्या शेजारीच लिहिला जातो. सोबतीला त्याचा स्वतःचा डेटाबेसही असतो, परंतु तो हरवला तरी रॉ आणि एक्सएमपी यांची जोडी फोल्डरात असली म्हणजे सारे काम परत उभे राहते. गेल्या पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन माझा लॅपटॉप जायबंदी झाला, तेव्हा बाहेरील डिस्कवरची फोल्डरे दुसऱ्या संगणकावर नुसती आयात केली आणि १४० नगांचे संस्कार, तारांकने आणि खुणांसकट हजर झाले. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. फोल्डर किंवा फाइल हलवायची, तिचे नाव बदलायचे, तर ते डार्कटेबलमधूनच करावे, बाहेरून नाही. अन्यथा त्याच्या दृष्टीने ती फाइल हरवते आणि लघुचित्रावर कवटीचे चिन्ह येते. आणि बॅकअप घेताना केवळ रॉ फाइल्स उचलून भागत नाही, शेजारच्या त्या चिमुकल्या फाइल्सही घ्याव्या लागतात.

शिकण्याचा चढ उभा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मॉड्यूलांची संख्या दडपून टाकणारी आहे, एकाच कामासाठी नवी-जुनी दोन-दोन, तीन-तीन साधने शेजारी नांदतात, आणि संज्ञा छायाचित्रकाराच्या कमी, रंगशास्त्रज्ञाच्या अधिक आहेत. माझ्याकडे मदतीला येणाऱ्या मुलाला लाइटरूमची सवय होती. त्याला एक्स्पोजरच्या मॉड्यूलमध्ये काही न करताच ०.७ हा आकडा का दिसतो हे समजावण्यात माझी अर्धी दुपार गेली. मी त्याच्यासाठी एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, लेन्स-दुरुस्ती आणि क्रॉप एवढ्या पाचच मॉड्यूलांचा एक गट करून ठेवला, आणि त्या पाचांत आमचे नव्वद टक्के काम भागते. चांगले ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर फोटोतील दाणे (नॉइज) कमी करणारी मॉड्यूले लावली की प्रत्येक बदलानंतर वाट पाहावी लागते, हेही सांगून ठेवतो.

ज्यांच्या शूटवर गिऱ्हाईक, स्टायलिस्ट आणि जाहिरात-संस्थेचा माणूस असे तिघे मागे उभे राहून प्रत्येक फ्रेम पाहतात, ज्यांना फोटो पडताक्षणी तयार रंगात दिसायला हवा आणि त्यांतून निवड करीत पुढे जायचे असते, त्यांनी कॅप्चर वनची वर्गणी भरावी. त्यांच्या कामात वाचणारा वेळ त्या पैशांहून मोलाचा आहे. कोथरूडच्या एका स्टुडिओत मी ते सॉफ्टवेअर तीन दिवस वापरले, आणि टेदरिंग कसे असावे याचा तो नमुना आहे, हे मान्य करायला हवे. माझ्यासारख्या एकट्याने, मागे कोणी उभे नसताना, दिवसाला २० ते २५ नग टिपणाऱ्याला तो खर्च पेलण्यापेक्षा डार्कटेबलमधली थोडी ये-जा परवडते.

दिवाळीनंतर त्याच कुटुंबाकडून आणखी १२ नग आले, आणि ते जुन्या कॅटलॉगच्या पानांत मधेमधे बसवायचे होते. जुने सत्र उघडले, दिवे मोजपट्टीने त्याच अंतरावर लावले, चार्ट टिपला, जुन्या लोटीचा फोटो लाइव्ह व्ह्यूवर आच्छादून नवी लोटी त्यावर बसवली आणि जुन्या फोटोंचे संस्कार नव्यांवर चिकटवले. अडीच तासांत काम झाले आणि तांबे तांब्याला तंतोतंत जुळले. जुळला नाही तो मागचा कागद: जुना रोल संपला होता आणि त्याच नावाचा, त्याच दुकानातून आणलेला नवा रोल किंचित निळसर निघाला. शेवटी प्रत्येक फोटोत भांड्याभोवती मुखवटा आखून नुसता कागदच गरम छटेकडे नेला. त्यात दुसरी दुपार गेली, आणि आता जुन्या रोलचा हातभर तुकडा मी चार्टच्या पाकिटात ठेवला आहे.